हरलेला कोणाचा?

शब्दांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : मी गिरगावातील एका चाळीत राहतो. गेल्या रविवारी नातवाबरोबर कॅरम खेळताना मी राणी घेतली, पण मागोमाग कव्हर गेले नाही आणि राणी पुन्हा बोर्डावर आली. पुढच्याच फेरीत नातवाने ती उचलली, कव्हरही केली, उरलेल्या सोंगट्या भराभर घालवल्या आणि ओरडला, ‘आजोबा, तुम्ही पोन्ड झालात!’ मी शब्द लिहून मागितला, तर त्याने इंग्रजीत पी, डब्ल्यू आणि एन ही अक्षरे ओळीने लिहून पुढे भूतकाळाचा प्रत्यय जोडला. घरातल्या जुन्या इंग्रजी कोशात हा शब्द मिळाला नाही. त्याचा अर्थ काय, तो आला कोठून, आणि ही शिवी तर नव्हे?
— एक आजोबा, गिरगाव

उत्तर : शिवी नव्हे, याविषयी निर्धास्त असावे. अर्थ इतकाच की तुमचा पराभव झाला आणि तो निसटता नव्हता. समोरच्याने तुम्हाला असे हरवले की शेजारी उभ्या असलेल्यालाही हसू यावे. हरण्याबरोबर थोडी फजिती या शब्दात गृहीत धरलेली असते, म्हणून ‘पराभूत’ हा आपला सोवळा प्रतिशब्द त्याला पुरत नाही. तुम्ही घेतलेली राणी परत आली आणि तीच नातवाने नेली, हे पाहता त्याने शब्द अगदी नेमक्या जागी वापरला असे म्हणावे लागते.

हा शब्द म्हणजे इंग्रजीतील ‘ओन’, अर्थात ‘मालकी असणे’, या साध्या क्रियापदाचे चुकलेले स्पेलिंग आहे. इंग्रजी कळफलकाच्या वरच्या ओळीत उजव्या टोकाला ओ आणि पी ही अक्षरे शेजारीशेजारी बसलेली आहेत. बोट एका कळीने सरकले की ओच्या जागी पी उमटतो आणि शब्दातला एकुलता एक स्वर नाहीसा होतो. उरलेल्या तीन व्यंजनांचा उच्चार देवनागरीत प्रामाणिकपणे लिहायचा तर ‘प्व्न्’ असे काहीतरी लिहावे लागेल, आणि ते म्हणायला जीभ तयार होणार नाही. म्हणून बहुतेक खेळाडू हरवलेला स्वर मनातल्या मनात परत बसवतात आणि ‘पोन’ म्हणतात. काही जण ‘पॉन’ म्हणतात, थोडे ‘पून’ म्हणतात. या मतभेदाचे कारण असे की हा शब्द आधी टंकलेला गेला आणि त्याला तोंड नंतर फुटले.

ही चूक नेमकी याच शब्दात इतक्या वेळा का झाली असेल, हे मला एका सायबर कॅफेत समजले. २००० नंतरच्या दोनतीन वर्षांत दादरच्या एका गल्लीत मी नोकरीच्या अर्जांच्या प्रती काढायला जात असे. समोरासमोर मांडलेली आठदहा यंत्रे तारांनी एकमेकांना जोडलेली असत आणि कॉलेजातील मुले त्यांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ हा गोळीबाराचा खेळ खेळत. खेळणाऱ्याचा डावा हात डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळांवर आणि उजवा माउसवर असतो; चालणे, वळणे आणि नेम धरणे हे सगळे या दोन हातांत वाटून दिलेले असते. मारलेल्या प्रतिस्पर्ध्याला खिजवण्यासाठी पडद्यावर चार अक्षरे लिहायची तर उजवा हात माउसवरून उचलून कळफलकाच्या पार उजवीकडे न्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आपला सैनिक खांबासारखा उभा राहतो. कोणीही यावे आणि त्याला टिपून जावे. अशा घाईत ओ आणि पी यांमधला फरक राखण्याचे भान कोणाला राहणार? मी प्रिंटरपाशी उभा असताना एका मुलाने तो शब्द लिहिला आणि पुढच्याच क्षणी स्वतः मारला गेला. पडद्यावर त्याचा विजयाचा शब्द आणि त्याच्या मरणाची बातमी एकाखाली एक दिसत होत्या.

या शब्दाच्या जन्माची एक कथा गेमिंगच्या जगात फार लोकप्रिय आहे. ‘वॉरक्राफ्ट’ या खेळाचा एक नकाशा तयार करणाऱ्याने, संगणकाने खेळाडूला हरवल्यावर ‘अमुक अमुक ओन्ड झाला’ असा मजकूर झळकावा अशी योजना केली, पण स्पेलिंगमध्ये त्याची चूक झाली आणि तीच पुढे रूढ झाली, असे सांगतात. कथा सुटसुटीत आहे आणि नेमका तोच तिचा दोष आहे. शेजारच्या कळीवर बोट पडण्याची चूक हजारो बोटांनी स्वतंत्रपणे केलेली असू शकते. तिच्यासाठी एकच जनक शोधणे म्हणजे ठेच लागल्यावर ‘आई गं’ म्हणणारा पहिला माणूस कोण, असे विचारण्यासारखे आहे.

चूक होणे समजू शकते, पण ती दुरुस्त का झाली नाही, हा त्याहून रंजक प्रश्न आहे. टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी जोडल्या जाणाऱ्या १९८०च्या दशकातील संगणकी फलकांवर हौशी संगणकबहाद्दरांनी स्वतःची एक लिपी पाडून घेतली होती. ‘एलीट’ म्हणजे निवडक लोकांची म्हणून तिला ‘लीट’ म्हणत, आणि ते नावही अक्षरांऐवजी एक, तीन, तीन, सात अशा इंग्रजी आकड्यांनी लिहीत. एक म्हणजे एल, तीन म्हणजे उलटा वळवलेला ई आणि सात म्हणजे टी. या मंडळींमध्ये चुकीचे स्पेलिंग हे अडाणीपणाचे नव्हे, तर आतल्या गोटातील असण्याचे लक्षण मानले जाई. इंग्रजीतील ‘द’ या शब्दाची शेवटची दोन अक्षरे उलटसुलट पडून झालेली चूकही तिथे अशीच मिरवली गेली. आपल्याकडे छापखान्यातील चुकांना ‘मुद्राराक्षसाचे विनोद’ म्हणून संपादक दिलगिरी व्यक्त करतात. या मंडळींनी राक्षसालाच सभासद करून घेतले.

एका अक्षराच्या फेरफाराची मराठीतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अर्थातच ‘ध’चा ‘मा’ करण्याची आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो ‘धरावे’ या आज्ञेतील पहिले अक्षर बदलून ‘मारावे’ केल्यामुळे, असे परंपरा सांगते आणि त्याचा ठपका आनंदीबाईंवर ठेवते. ही आख्यायिका इतिहास म्हणून कितपत टिकते हा वेगळा विषय, पण शब्दांच्या दृष्टीने तुलना मोठी गमतीची आहे. आपल्या गोष्टीत एक अक्षर बदलले आणि माणूस ताब्यात घेण्याऐवजी मारला गेला; इंग्रजी शब्दात एक अक्षर बदलले आणि अर्थ होता तिथेच राहिला, कारण ‘ओन’चा अर्थच मुळी ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांच्या मध्ये कोठेतरी येऊन पोचलेला होता.

तो तेथे पोचला संगणक फोडणाऱ्यांमुळे. हॅकर मंडळींच्या बोलीत एखादे यंत्र ‘ओन’ करणे म्हणजे त्याचा संपूर्ण ताबा मिळवणे. युनिक्स पद्धतीच्या यंत्रात ज्याला ‘रूट’ म्हणतात, त्या सर्वाधिकारी खात्यापर्यंत पोचलेला मनुष्य यंत्राचा खरा मालक होतो आणि कागदोपत्री मालक केवळ नावापुरता उरतो. हॅकरांच्या बोलीतून हा शब्द गोळीबाराच्या खेळांत उतरला, तेव्हा यंत्राच्या जागी माणूस आला: मी तुला हरवले, म्हणजे मी तुझा मालक झालो.

आता एक नाते सांगतो आणि हे उत्तर थांबवतो. इंग्रजीतील ‘ओन’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘आगन’ म्हणजे ‘जवळ असणे’ या क्रियापदाच्या घराण्यातला आहे. ‘ओ’ म्हणजे ‘देणे लागणे’ हे क्रियापद त्याचे सख्खे भावंड. भाषाशास्त्रज्ञ या घराण्याचे मूळ ज्या इंडो-युरोपीय धातूत पाहतात, त्याचाच संस्कृतातील वंशज म्हणजे ‘ईश्’, स्वामी असणे. त्यावरून ईश, ईश्वर आणि गणांचा ईश तो गणेश. पाणिनीने तर या धातूच्या कर्माला, म्हणजे ज्यावर मालकी चालते त्या वस्तूला, षष्ठी विभक्ती लावण्याची सोय एका सूत्रात करून ठेवली आहे. तेव्हा तुमचा नातू कॅरमबोर्डावर जे ओरडला, त्याचे लांबचे नातेवाईक तुमच्या गल्लीत दर भाद्रपदात दहा दिवस मुक्कामाला असतात.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले हा शब्द ‘पॉन’ असा उच्चारतात आणि तो बुद्धिबळातील प्याद्यावरून आला, असे ठामपणे सांगतात. हरलेला खेळाडू प्याद्यासारखा क्षुद्र ठरतो, ही त्यांची व्युत्पत्ती मला पटण्यासारखी वाटली. ती खरी आहे का?
— एक शिक्षिका, दादर

उत्तर : पटण्यासारखी आहे, पण खरी नाही. अर्थ आधी ठाऊक असला की त्याला साजेसे मूळ शोधून काढणे हा माणसाचा जुना छंद आहे, आणि हीच मुले पुढे त्या पहिल्या अक्षरातून ‘परफेक्ट’, ‘प्लेअर’ किंवा ‘पॉवरफुल’ असे शब्द उलगडून दाखवतील, तेही असेच पश्चातबुद्धीने सुचलेले आहेत.

प्याद्याची स्वतःची वंशावळ मात्र मुलांना अवश्य सांगावी, कारण ती मुंबईच्या कचेऱ्यांतून जाते. बुद्धिबळातील इंग्रजी ‘पॉन’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला आणि लॅटिनमधील ‘पायदळातील शिपाई’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे. आपले ‘प्यादे’ फारसी ‘पियादा’वरून आले, त्याचाही अर्थ पायी चालणारा, संस्कृतातील ‘पदाति’ तोच. या सर्वांच्या मुळाशी पाय आहे. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांनी पायदळाच्या शिपायासाठी जो शब्द घडवला, तो या किनाऱ्यावर उतरून इंग्रजांच्या तोंडी ‘प्यून’ झाला, आणि टेबलावरून टेबलावर फायली नेणारा शिपाई आजही फोर्टमधील कार्यालयांत त्याच नावाने हाकारला जातो.

बुद्धिबळाने पराभवाला दिलेला खरा शब्द ‘पॉन’ नव्हे, ‘मात’ आहे. फारसी ‘शाह मात’ या उद्गारातील ‘मात’चा अर्थ काहींनी अरबीच्या आधारे ‘मेला’ असा लावला. फारसीतून पाहिले तर तो ‘हतबल झाला, निरुपाय झाला’ असा होतो, आणि बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, त्याला केवळ जागा उरत नाही, हे लक्षात घेता मला दुसरा अर्थ अधिक योग्य वाटतो. आपण हा शब्द इतका आपलासा केला की दुखण्यावर मात करताना कोणालाही पट आठवत नाही, आणि ‘शह-काटशह’ तर निवडणुकीच्या बातम्यांत सुखाने नांदतात.

प्रश्न : मी खेळ खेळत नाही. तरीही माझ्या मुलीने माझा ईमेल पत्ता एका संकेतस्थळावर तपासला आणि ‘बाबा, तुम्ही तीन वेळा पोन्ड आहात’ असे सांगितले. न खेळता मी हरलो कसा?
— एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड

उत्तर : तुमच्या मुलीने बहुधा ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ उघडले असावे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन संगणक-सुरक्षातज्ज्ञाने ते २०१३ साली सुरू केले. कोणत्याही कंपनीच्या भांडारातून चोरीला गेलेल्या ज्या याद्या उघड झाल्या आहेत, त्यांपैकी किती याद्यांमध्ये आपला पत्ता आहे, ते तेथे कळते. तुमचा पत्ता तीन याद्यांत आहे, असा मुलीच्या बोलण्याचा अर्थ. तुमच्या खात्यात कोणी शिरले आहेच असे त्यावरून ठरत नाही, पण त्या तीन ठिकाणचा पासवर्ड बदलावा, तोच पासवर्ड अन्यत्र वापरला असेल तर तेथेही बदलावा, आणि मोबाइलवर येणाऱ्या संकेताची दुसरी पायरी सुरू करावी. पैशांची फसवणूक झाल्याचे आढळले तर १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. बँकेत आयुष्य घातलेल्या माणसाला यापेक्षा अधिक सांगणे बरे नव्हे.

शब्दाच्या दृष्टीने पाहता येथे एक वर्तुळ पूर्ण झाले आहे. हॅकरांकडून खेळाडूंकडे गेलेला शब्द चुकीचे स्पेलिंग अंगावर घेऊन पुन्हा हॅकरांकडे परतला. कॅनडातील व्हॅन्कुव्हर येथे २००७ पासून ‘पोन टू ओन’ नावाची एक स्पर्धा भरू लागली, तिच्यात दोन्ही रूपे शेजारीशेजारी बसवली आहेत. समोर ठेवलेला संगणक ज्याने फोडला, त्याने तोच संगणक बक्षीस म्हणून घरी न्यावा, अशी मूळ कल्पना होती. आधी पोन, मग ओन. चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द यांनी आपसांत काम वाटून घेतल्याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

प्रश्न : मी लहानपणापासून लालबागमध्ये कबड्डी खेळत आलो आहे. आमच्या मैदानावरही हल्ली मुले ‘पोन केला’ म्हणू लागली आहेत. मराठीत हरण्याला शब्दांची वाण आहे का? याला चपखल मराठी शब्द कोणता?
— एक कबड्डीपटू, लालबाग

उत्तर : वाण तर मुळीच नाही. तुम्ही मैदानात उतरणारे आहात म्हणून तुमच्याच शब्दापासून सुरुवात करतो. समोरच्या संघाचे सातही खेळाडू बाद झाले की लोण होतो आणि दोन गुण अधिक मिळतात. हरलेल्यांना मात्र सगळ्यांनी मिळून खाली मान घालून पुन्हा मैदानात उतरावे लागते. ‘लोण दिला’ यात सर्वनाश आहे, सार्वजनिक फजिती आहे आणि आकड्यांत मोजलेला पुरावाही आहे. पोन याहून अधिक काय सांगतो?

पत्त्यांकडे वळलो तर ‘झब्बू’ आहे. उतरलेल्या रंगाचे पान हातात नसले की भलत्याच रंगाचे पान टाकायचे, आणि त्या डावात ज्याचे पान सर्वांत मोठे असेल त्याने सगळा ढीग उचलायचा. पान टाकताना मनगटाला जो झटका देतात आणि ‘झब्बू!’ म्हणून जो आवाज करतात, तो ज्याने एकदा ऐकला त्याला पोन्डचा सूर समजावून सांगावा लागत नाही. कुस्तीने ‘चीतपट’ दिला, ‘धोबीपछाड’ दिली, आणि पाठ जमिनीला लागलेल्या मल्लाला वर आभाळाखेरीज काही दिसत नाही म्हणून ‘अस्मान दाखवणे’ दिले. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने तर गावाच्या नावाचे सामान्यनाम करून टाकले, आणि आता नगरपालिकेच्या निवडणुकीतही उमेदवारांचे ‘पानिपत’ होते. मुंबईच्या बोलीत अर्थाने सर्वांत जवळचा शब्द मला ‘पोपट’ वाटतो, कारण ‘पोपट झाला’ म्हणताना हार लहान असली तरी चालते, फजिती मात्र मोठी असावी लागते.

पण हे सगळे शब्द एका ओळीत मांडल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तीत दिसते. माझा पोपट झाला, आमचा फज्जा उडाला, त्यांचे पानिपत झाले, तुझा बोऱ्या वाजला, विरोधकांचा धुव्वा उडाला, संघाची दाणादाण उडाली, माझी वाट लागली. प्रत्येक ठिकाणी हरलेला माणूस षष्ठी विभक्तीत, म्हणजे मालकाच्या विभक्तीत आहे. इंग्रजी शब्द म्हणतो की हरलेला जिंकणाऱ्याच्या मालकीचा झाला. मराठी वाक्यरचना म्हणते की पराभव हरलेल्याच्या मालकीचा आहे. जिंकणारा अनेकदा वाक्यात नसतोच. माझा पोपट कोणी केला हे सांगितले नाही तरी वाक्य पुरे होते, कारण पोपट माझा आहे.

ज्या वाक्प्रचारांत जिंकणारा उपस्थित असतो, तेथे तो काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. तो काही घेत नाही, देतो. लोण देतो, झब्बू देतो, मात देतो. त्यातही आपली पाहुणचाराची सवय सुटत नाही, म्हणून तो हरलेल्याला धूळ चारतो, खडे चारतो आणि वर पाणीही पाजतो. (‘वाट लावणे’ हेसुद्धा मुळात इतके भांडखोर नसावे, ‘विल्हेवाट लावणे’ यात त्याचा शांत, व्यवस्था लावण्याचा अर्थ अजून शिल्लक आहे.)

तथापि, मालकीची कल्पना आपल्याला परकी आहे, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये, कारण द्यूताच्या पटावर ती आपल्याकडे फार जुनी आणि फार भीषण आहे. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिर एकेक पण लावत जातो आणि प्रत्येक वेळी ‘जितमित्येव शकुनिर्युधिष्ठिरमभाषत’, ‘जिंकले’ एवढेच शकुनी युधिष्ठिराला म्हणतो. खिजवणुकीच्या सर्व आधुनिक शब्दांपेक्षा मला हा एक कोरडा शब्द अधिक थंडगार वाटतो. धन, राज्य आणि भाऊ संपल्यावर युधिष्ठिर स्वतःला लावतो, हरतो आणि दास होतो. त्यानंतर द्रौपदीला लावले जाते, तेव्हा ती निरोप घेऊन आलेल्या प्रातिकामीकडून सभेला विचारते, की त्याने आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा झाला, त्याची दुसऱ्या कोणावर मालकी उरते का, हा तिचा मुद्दा आहे, आणि भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. ‘ओन्ड’ या शब्दाची इतकी कठोर तपासणी कोणत्याही गेमिंगच्या खोलीत झालेली नसेल.

त्याहूनही मागे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आत्मकथन आहे. तेथे हरलेल्याविषयी त्याचे आईबाप आणि भाऊ म्हणतात, ‘न जानीमो नयता बद्धमेतम्’. आम्ही याला ओळखत नाही, याला बांधून घेऊन जा. त्या काळी बेहड्याची फळे फासे म्हणून टाकत आणि पडलेल्या डावांना कृत, त्रेता, द्वापर आणि कलि अशी नावे होती. चाराने नि:शेष भाग गेला तर कृत, म्हणजे सर्वोत्तम डाव, आणि एक उरला तर कलि, सर्वांत वाईट. ही जुगारअड्ड्यावरची नावे पुढे चार युगांना मिळाली. तुमच्या मैदानावरील मुलांनी पराभवाचा एक शब्द बाहेरून उचलला म्हणून आपण कपाळाला आठ्या घालतो, पण आपण ज्या युगात राहतो म्हणून सांगतो, त्याचे नावच मुळी हरलेल्या डावाचे आहे.

तेव्हा चपखल शब्द कोणता, यावर माझे मत असे की मैदानावर ‘लोण’ आणि पत्त्यांवर ‘झब्बू’ असताना पोनची गरज नाही. मोबाइलवर मुलांनी तो खुशाल वापरावा. त्यांनी त्याला ‘पोन केला’, ‘पोन झालो’ असे मराठी क्रियापदाचे जू लावलेच आहे. उद्या एखादा मुलगा ‘माझा पोन झाला’ म्हणाला, तर शब्द खरोखर मराठी झाला असे मी समजेन.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या वर्गात हा शब्द कोणीही वापरत नाही, तो फार जुना आहे. आता सगळे वेगळे शब्द म्हणतात. तुम्ही त्यांच्याविषयी का लिहीत नाही? आणि गिरगावच्या आजोबांच्या नातवाला हा शब्द कोणी शिकवला?
— एक विद्यार्थिनी, बोरिवली

उत्तर : वरची उत्तरे छापून झाल्यावर हे तुझे पत्र हाती आले आणि माझी अवस्था तुझ्या शब्दांत काय झाली असेल ती झाली. आता चालतात त्यांपैकी ‘रेक्ट’ म्हणजे इंग्रजीतील ‘मोडतोड झालेला’ या शब्दाचे मुद्दाम बिघडवलेले स्पेलिंग, म्हणजे युक्ती जुनीच. ‘एल घेतला’ यातील एल हे ‘हार’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. ‘नूब’ म्हणजे नवशिका; तो पोनच्याच वयाचा असून अजून ताजातवाना दिसतो, याचे कारण नवशिके दरवर्षी नवे येतात, असे असावे.

‘जीजी’ विषयी मात्र थोडे सांगायला हवे. ‘गुड गेम’ची ही आद्याक्षरे म्हणजे सामना संपल्यावर हरलेल्याने आणि जिंकलेल्याने एकमेकांना केलेला नमस्कार, ‘स्टारक्राफ्ट’सारख्या खेळांत तर हरणारा स्वतः ‘जीजी’ लिहून पराभव मान्य करी आणि मगच बाहेर पडे. पुढे त्याला ‘सोपे होते’ या अर्थाचे ‘ईझी’ जोडून त्याचा टोमणा झाला. ‘ओव्हरवॉच’ या खेळाच्या निर्मात्यांनी त्यावर खट्याळ उपाय केला: कोणी ते टोमण्याचे शब्द लिहिले की संगणक ते पुसून त्याच खेळाडूच्या नावावर भलतीच भोळी आणि नम्र वाक्ये झळकावतो, आणि टोमणा मारणाऱ्याचाच पोपट होतो.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. दहाबारा वर्षांच्या मुलाने हा शब्द वर्गातून आणलेला नाही हे तुझ्या पत्रावरून उघड आहे, आणि आजोबांनी तो शिकवला नाही हे त्यांच्या पत्रावरून उघड आहे. घरात मधली एक पिढी उरते. गिरगावच्या आजोबांनी आपल्या मुलाला सहज विचारून पाहावे. २००२च्या सुमारास कॉलेज सुटल्यावर तो दादरला उतरून इतक्या उशिरा घरी का येत असे, याचाही उलगडा कदाचित होऊन जाईल.